कालनिर्णयची नळी आणि पांढरी चारचा सा

जुलै २०२४ मध्ये आल्टो सॅक्सोफोन, तबला, संबळ आणि फ्रेटलेस बास अशा चौघांनी एक तुकडा, म्हणजे एक वाद्यरचना, बांधायला घेतला. मे २०२५ मध्ये त्याची कॉपीराइटची नोंदणीपत्रं हातात आली. तुकडा साडेअकरा मिनिटांचा आहे. मधल्या दहा महिन्यांत काय केलं, किती पैसे गेले आणि कुठे अडलो ते क्रमाने लिहितो. सॅक्सवर राग वाजवू पाहणाऱ्यांचे आणि तबल्याबरोबर जॅझ वाजवू पाहणाऱ्यांचे प्रश्न बरेचसे सारखेच असतात, म्हणून तांत्रिक भाग जरा सविस्तर आहे.

पहिला महिना फक्त वाद्य ठीक करण्यात गेला. मुंबईच्या पावसात सॅक्सच्या चामडी गाद्या (भोकं झाकणारी पॅड) फुगतात आणि चिकटतात. जी शार्पची की (कळ) सगळ्यात आधी दगा देते. तिची स्प्रिंग कमजोर असते आणि गादी बंद स्थितीत बसून राहते, त्यामुळे ओल धरून ठेवते. तात्पुरता उपाय म्हणजे सिगारेटचा पातळ कागद गादीखाली ठेवून हलकेच दाबायचा, सोडायचा, जागा बदलून पुन्हा दाबायचा. दाबून ठेवून कागद ओढू नका, गादीचं चामडं फाटतं. टाल्कम पावडर लावू नका, आठवड्यात तिचा चिखल होतो. आमच्या वाद्याच्या अकरा गाद्या बदलाव्या लागल्या. माहीमच्या कारागिराने तीन आठवडे घेतले आणि ७,५०० रुपये. शहरात हे काम करणारे हात मोजके आहेत, तेव्हा पाऊस सुरू व्हायच्या आधी, मेमध्येच नंबर लावावा हे बरं. रीडचा (माउथपीसला लावायच्या वेताच्या पट्ट्यांचा) दहाचा डबा ३,२०० ला पडला. त्यातल्या चार रीड वाजवण्याजोग्या निघाल्या, म्हणजे प्रमाण नेहमीचंच.

मग आला खरा प्रश्न: सा कुठे धरायचा?

तबलजी दादांचा हात काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला, बसलेला आहे. त्यांनी सरळ सांगितलं, "काळी एक ठेवू, तबला तयार आहे." आल्टोसाठी कागदावर लिहिलेला स्वर आणि ऐकू येणारा स्वर वेगळे असतात; काळी एकचा सा म्हणजे आल्टोवर लिहिलेला बी फ्लॅट. कागदावर सोपी पट्टी. अडचण बोटांत आहे. या पट्टीत मधला रे येतो सी वर आणि ग येतो डी वर, आणि या दोघांच्या मधोमध सॅक्सचा ब्रेक, म्हणजे बोटं एकदम बदलण्याची जागा, आहे. सी शार्पला सगळी बोटं वर असतात, नळी सगळ्यात आखूड असते. पुढच्याच डीला सहाही मुख्य बोटं एकदम खाली येतात आणि अंगठा ऑक्टेव्ह की (सूर सप्तकभर वर नेणारी) दाबतो. रे पासून ग पर्यंत मींड घ्यायची, म्हणजे सूर न तोडता सरकवत न्यायचा असेल तर ती बरोबर इथे तुटते. सनईवाल्याचं बोट थेट भोकावर असतं, तो भोक अर्धं उघडून सूर ओढत नेतो. सॅक्सच्या भोकावर गादी आहे आणि गादी की ला बांधलेली आहे. मींड ओठ, जबडा आणि घसा यांतूनच काढावी लागते, ब्रेकवर तर ती निघतच नाही.

म्हणून आम्ही एक तक्ता केला. बारा पट्ट्या घेतल्या आणि प्रत्येकीत ब्रेक कोणत्या दोन स्वरांमध्ये पडतो ते लिहिलं. काळी दोनला तो कोमल रे आणि शुद्ध रे यांच्यात पडतो, म्हणजे सा-रे ची वाट अडते. पांढरी एकला ग आणि म मध्ये. काळी चारला पंचम ओलांडल्यावर, दोन धैवतांच्या मध्ये. पांढरी चारला, म्हणजे लिहिलेला डी हा सा धरला तर, शुद्ध नी आणि तार सा यांच्या मध्ये. हा तक्ता करायला एक संध्याकाळ लागते. ज्याला आल्टोवर राग वाजवायचा आहे त्याने आधी तो करावा आणि मगच राग निवडावा.

आम्ही पांढरी चार घेतली आणि राग वृंदावनी सारंग. ग आणि ध वर्ज्य (घ्यायचेच नाहीत), आरोहात, म्हणजे चढताना, शुद्ध नी, अवरोहात, म्हणजे उतरताना, कोमल नी, वादी (मुख्य स्वर) रे. यामागे तीन कारणं होती. एक, रे-म आणि म-प या सारंगाच्या जिवाच्या जागा ब्रेकपासून लांब राहतात. दोन, शुद्ध गंधार पेटीच्या सुरापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) खाली लागतो आणि सॅक्सवर तो प्रत्येक वेळी ओठाने उतरवावा लागतो; सारंगात गंधारच नाही. रे, म आणि प यांचा फरक दोन ते चार सेंटांचा आहे, तो कानाला टोचत नाही. तिसरं कारण नंतर लक्षात आलं. शुद्ध नी पेटीपेक्षा १२ सेंट खाली हवा असतो, आणि सगळी बोटं वर असलेला मधला सी शार्प बहुतेक आल्टोंवर मुळातच जरा उतरलेला असतो. सगळे सॅक्सवाले ज्या स्वराला नावं ठेवतात तो इथे आपोआप जागेवर बसला. शेजारचा डी मात्र चढा लागतो आणि तो आमचा तार सा. त्याला खालची बी ची की जोडीला दाबून उतरवायचं. लयीत हे जमायला दोन आठवडे रोज अर्धा तास गेला. तार सा वरून कोमल नी कडे येताना ब्रेक आडवा येतोच. तिथे ऑक्टेव्ह की न दाबता नुसत्या तळव्याच्या डी की ने सा काढता येतो. आवाज जरा पातळ येतो, पण उडी ऐकू येत नाही.

मींडेबद्दल एवढंच सांगतो की सॅक्सचा सूर खाली वाकतो, वर फारसा वाकत नाही. वर जाणारी मींड हवी असेल तर वरच्या स्वराची बोटं धरून तो आधी घशाने खाली पाडायचा आणि मग सोडत न्यायचा. वरच्या सप्तकात हे सहज होतं. खालच्या सप्तकात अर्ध्या स्वरापलीकडे जात नाही, तिथे कीज हळूहळू उचलून घशाची जोड द्यावी लागते. कद्री गोपालनाथ (१९४९-२०१९) यांनी कर्नाटक संगीत आल्टोवरच वाजवलं. त्यांची रेकॉर्डिंग कमी वेगाने लावून ऐकली तर बोटं आणि घसा यांची कामं कशी वाटली आहेत ते कळतं. ज्यांना मुंबईतला धागा हवा असेल त्यांच्यासाठी: जॅझ यात्रा हा महोत्सव १९७८ मध्ये इथे सुरू झाला, आणि १९८० मध्ये इथेच गोपालनाथ आणि अमेरिकन आल्टोवादक जॉन हँडी यांची गाठ पडली. आपण काही नवी वाट पाडतोय असा आमचा समज तिथेच गळून पडला.

तबल्याचं काय? पांढरी चारचा सा म्हणजे पंचम पांढरी एकला. सारंगात पंचम ठळक आहे, तेव्हा तबला पंचमात लावला तरी चालतो. दादांनी पावणेसहा इंची तबला पांढरी एकला लावून आणला. काळी एकचा तबला अर्धा स्वर उतरवून चालवण्याच्या भानगडीत पडू नका, चाट (तबल्याची कडा) मेल्यासारखी वाजते.

आता कालनिर्णयची गोष्ट. पांढरी चार घेतल्यावर मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) गेला. आल्टोचा सगळ्यात खालचा स्वर लिहिलेला बी फ्लॅट आणि आम्हाला हवा होता ए, अर्ध्याच स्वराने खाली. बॅरिटोनला ही की असते, आल्टोला सहसा नसते. बेलमध्ये, म्हणजे सॅक्सच्या रुंद तोंडात, नळी घालून वाद्य लांब केलं तर बी फ्लॅटच्या बोटांवर ए निघतो. आम्ही मागच्या वर्षीच्या कालनिर्णयची पानं गुंडाळून नळी केली आणि वीतभर बाहेर ठेवली. ट्यूनर लावून बोटभर-बोटभर कापत आलो. शेवटी किती उरली ते सांगून उपयोग नाही, प्रत्येक बेल वेगळा असतो. पहिली नळी फरफरली, कारण गुळगुळीत कागदाचे थर एकमेकांवर थरथरतात. बाहेरून पॅकिंगची टेप तीन वेढे मारल्यावर आवाज गप्प झाला. नळी घातली की मूळचा बी फ्लॅट मिळत नाही, पण आमच्या पट्टीत तो कोमल धैवत. सारंगाला त्याचं काही पडलेलं नाही! त्याच्या वरचा बी आणि सी जवळजवळ जसेच्या तसे राहतात, कारण त्यांचा सूर बेलपर्यंत पोचायच्या आधीच उघड्या भोकांतून बाहेर पडतो.

सप्टेंबर ते नोव्हेंबर नऊ तालमी झाल्या, प्रत्येकी तीन तास, खोलीचं भाडं तासाला ४५० रुपये. म्हणजे १२,१५० रुपये. घरी सॅक्स वाजवायचा तर कपड्यांच्या उघड्या कपाटात तोंड घालून वाजवावा, तोही रात्री आठच्या आत. सोसायटीच्या सभेत विषय क्रमांक सहा व्हायचं नसेल तर.

कागदावर प्रत्येक ओळ तीनदा लिहिली: वर सरगम, मधे खऱ्या पट्टीतले स्वर बासवाल्यासाठी, खाली आल्टोचे. आल्टोवर लिहिलेला सी वाजवला की डी शार्प, म्हणजे काळी दोन, ऐकू येतो. हे तोंडी सांगत बसलात तर पहिली तालीम भांडणात जाते.

संबळवाले काका गोंधळी घराण्यातले, कळव्याहून यायचे. त्यांच्याकडे मात्रा मोजणं नाही, चाल आहे. त्यांची चाल सहाच्या अंगाची आणि दादांचा तीनताल सोळाचा. सहा आणि सोळा ४८ मात्रांवर भेटतात: तीनतालाची तीन आवर्तनं आणि काकांच्या चालीचे आठ फेरे. आम्ही सॅक्सची ओळ बरोबर तीन आवर्तनांची केली. पहिल्या दोन समांवर (सम म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा) काका सापडत नाहीत, तिसरं आवर्तन संपून येणाऱ्या समेवर सगळे एकत्र पडतात. काकांना आकडा सांगितला नाही. "माझी ओळ संपली की तुमचा जोरकस घाव" एवढंच सांगितलं आणि पहिल्याच दिवशी जमलं. दादाच दोनदा हुकले, कारण ते काकांची चाल मोजत बसले.

बासने कुठे थांबायचं हा खरा डोकं खाणारा भाग होता. सारंगाचे कोमल नी सह पाच स्वर घ्या आणि बासला वेगळ्या स्वरावर मुक्काम करू द्या. कोमल नी वर थांबला तर कानाला भूप ऐकू येतो. म वर दुर्गा, प वर धानी आणि रे वर चक्क मालकंस. मूर्च्छनेचं, म्हणजे स्वर तेच ठेवून सा बदलला की राग बदलण्याचं, हे गणित सगळ्यांना पाठ असतं, पण बास जोरात वाजत असताना राग पायाखालून कसा सरकतो ते तालमीत कळलं. जॅझच्या बासवाल्याला सारखं फिरायची सवय असते. त्यामुळे नियम केला: पहिल्या दोन भागांत मुक्काम फक्त सा आणि प वर, बाकी स्वर वाटेत. तिसऱ्या भागात बास आठ आवर्तनं रे वर बसतो, सॅक्स सारंगाचेच स्वर वाजवतो आणि मालकंस उभा राहतो. तिथे तानपुरा बंद करायचा. पहिल्यांदा तो चालू राहिला होता आणि नुसता गोंधळ झाला, देवीचा नव्हे.

आवाजाचे बाकी प्रयोग थोडक्यात. एका वेळी दोन-तीन सूर देणारी विचित्र बोटं वीसेक करून पाहिली. त्यांतली तीनच सा शी जुळली, बाकीची त्यांच्या मर्जीने कुठेतरी लागतात. प्रत्येक बोटाचं चित्र लगेच काढून ठेवा, दुसऱ्या दिवशी आठवत नाही. वाजवताना घशातून गुणगुणण्याचा उपयोग जास्त झाला. सॅक्सवर प आणि घशात त्याच सप्तकातला सा धरला तर दोघांच्या फरकातून आणखी एक सप्तक खालचा सा घुमतो. गुणगुण जरा हलली की तो गायब.

रेकॉर्डिंगच्या आधी करार केला, आणि त्याहीआधी करायला हवा होता. प्रश्न असा होता की चौघंही समोर बसून जागेवर सुचलेलं वाजवतात, त्यात रचना कुणाची? कायद्यात संगीतकृतीला स्वरलिपी असलीच पाहिजे असं नाही, त्यामुळे "लिहिलंय त्याचं" हे उत्तर चालत नाही. आम्ही असं ठरवलं: दर वेळी तसंच वाजवायचं ते रचनेत, दर वेळी बदलतं ते सादरीकरणात. दादांनी तालमीत जागेवर टाकलेली एक तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारे बोल) पुढे कायम झाली, म्हणून ती रचनेत धरली. पारंपरिक चाल कुणाच्याच नावावर नाही. रचनेचे वाटे ५५, १५, १५, १५. ध्वनिमुद्रणाची मालकी पैसे घातलेल्या तिघांची सारखी. काका म्हणाले, "वाटा लिहा, पण माझं मानधन त्याच दिवशी हातात द्या." दर शिफ्टला ६,००० ठरले आणि तसेच दिले. ५०० चा स्टॅम्प पेपर, नोटरीचे ४००, तारीख २३ नोव्हेंबर.

७ आणि ८ डिसेंबरला अंधेरीत दोन शिफ्ट, प्रत्येकी १२,००० रुपये. पहिल्या दिवशीचे दोन तास वाया गेले, ते असे. तालमीच्या खोलीत ३० अंश असायचे, स्टुडिओत एसी २१ वर. हवा गार झाली की सॅक्सचा सूर अंशाला जवळपास तीन सेंट उतरतो. श्वासाच्या उबेने थोडं भरून निघतं, तरी ट्यूनरवर आम्ही १५ सेंट खाली होतो. त्याच एसीने हवा कोरडी झाली, पुडी (तबल्याचं चामडं) ताणली आणि तबला चढत गेला. एक खाली चाललाय, दुसरा वर, आणि दोघेही दुसऱ्याला बेसूर म्हणतायत. दादा हातोडी मारून उतरवायचे, वीस मिनिटांत तबला पुन्हा वर.

उपाय सोपा आहे. आदल्या दिवशीच सांगून एसी २६ वर ठेवायला लावा. आत गेल्यावर पाऊण तास तबल्याला हातोडी लावू नका, पुडीला हवेशी जुळू द्या. सॅक्स पंधरा मिनिटं वाजवून तापवा. मग माउथपीस आत ढकला, पण एकाच स्वरावर लावून थांबू नका: माउथपीस आत गेला की वरचे स्वर खालच्यांपेक्षा जास्त चढतात. मधला आणि वरचा असे दोन सा तपासून मधली जागा पकडा. चहाला सगळे बाहेर गेले तरी एसी बंद करू देऊ नका.

माइक बेलसमोर लावू नये. सॅक्सचा बहुतेक आवाज भोकांतून निघतो, बेलमधून मुख्यतः खालचे स्वर येतात. आम्ही एक माइक साधारण ४० सेंटिमीटरवर, कीजच्या मध्यावर रोखून ठेवला. कीजचा खटखटाट हवा होता त्या तिसऱ्या भागासाठी दुसरा अगदी जवळ. संबळ वेगळ्या खोलीत, नाहीतर तो प्रत्येक माइकमध्ये शिरतो. बास सरळ तारेने. काकांनी हेडफोन एकाच कानावर ठेवला, दुसऱ्या कानाला आपला संबळ नुसता ऐकायचा असतो. क्लिक (हेडफोनमधला लयीचा ठोका) लावला नाही. लय शेवटच्या तीन मिनिटांत थोडी चढली आहे, ती तशीच ठेवली. चार टेक झाले, तिसरा घेतला. मिक्सिंग आणि मास्टरिंगचे १८,०००, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात फायली आल्या.

१३ जानेवारीला कॉपीराइटचे दोन अर्ज ऑनलाइन भरले, नमुना चौदा. संगीतकृतीचा एक, शुल्क ५०० रुपये. ध्वनिमुद्रणाचा दुसरा, २,००० रुपये. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, एकाच अर्जात भागत नाही. संगीतकृतीचा कर्ता संगीतकार, ध्वनिमुद्रणाचा कर्ता निर्माता. हक्क निर्मितीबरोबरच मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. वाद झाला तर पुरावा म्हणून कामी येते. डायरी क्रमांक लगेच मिळतो. पुढचे ३० दिवस हरकतींसाठी असतात, त्यात काही हलत नाही, रोज स्थिती बघत बसू नका.

मार्चमध्ये त्रुटीचं पत्र आलं आणि चूक आमची होती. काकांचं ना हरकत पत्र आम्ही त्यांच्या रोजच्या नावाने केलं होतं, आधारवर वडिलांच्या नावासकट वेगळं नाव. अर्ज, करार, ना हरकत आणि ओळखपत्र या चारही ठिकाणी नाव अक्षरशः सारखं हवं. नवं पत्र करून आणायला काकांची तारीख मिळेना, लग्नसराईत त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. अखेर एका रविवारी कळव्याला जाऊन सही आणली आणि मुदतीच्या चार दिवस आधी उत्तर चढवलं. २२ मे रोजी दोन्ही नोंदणीपत्रं आली.

तोवर नळीचा कागद सुटून पुन्हा फरफरायला लागला होता. नवी नळी यंदाच्या कालनिर्णयची करावी लागेल, म्हणजे जानेवारीपर्यंत थांबणं आलं. पुढच्या तुकड्याला हलगी आणतो असं काका म्हणालेत. हलगीला शेक द्यावा लागतो. स्टुडिओत शेगडी चालेल का हे विचारून ठेवलंय, अजून उत्तर आलेलं नाही.